मुरमाच्या खाणीवर पुन्हा कुरण: झाडं नंतर, आधी गवत

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल या पट्ट्यात माळावर जागोजागी मुरमाच्या आणि डबराच्या जुन्या खाणी आहेत. उपसा थांबला की बहुतेक ठिकाणी जूनमध्ये खड्डे मारून गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावली जाते. झाडं जगली तरी मेंढरांना पायाखाली चरायला काही मिळत नाही. गायरान परत चराईला हवं असेल तर गवतापासून सुरुवात करावी. (ही पद्धत कोरड्या पट्ट्यासाठी आहे. शाहूवाडी-राधानगरीकडच्या बॉक्साइटच्या सड्यांना, म्हणजे खडकाळ पठारांना, ती लावू नका. तिथला पाऊस, खडक आणि वनस्पती सगळंच वेगळं आहे.)

आधी तळ फोडा

डंपरच्या फेऱ्यांनी खाणीचा तळ डांबरी रस्त्यासारखा दबलेला असतो. फूटभर खोल खड्डा घ्या, बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच दिसलं तर बियाण्यावर एक रुपयाही घालू नका.

एप्रिल-मेमध्ये, जमीन खडखडीत वाळलेली असताना, मशीनला रिपर (जमीन फोडणारा लोखंडी दात) लावून दीड फूट खोल रेघा मारून घ्याव्यात. दोन रेघांत एक मीटर अंतर पुरतं. ओल्या जमिनीत रिपर चालवला तर मुरूम फुटत नाही, कडेला लिंपला जातो आणि तळ आणखी घट्ट होतो. रेघा ए-फ्रेमने (समपातळी शोधायची A आकाराची लाकडी चौकट) आखून समपातळीतच घ्या. उताराच्या दिशेने गेलेल्या रेघेची पहिल्या मोठ्या पावसात ओघळ होते. काम झाल्यावर फळी मारून सपाट करायचा मोह आवरा. ढेकळं आणि खळगे राहिले तरच बी अडकतं. जवळ क्रशर असेल तर डस्टचा थर आधी खरवडून काढावा. पाऊस पडला की त्याची पापडी धरते आणि कोंब वर येत नाही.

सुटे कडे तीन मीटर आडवं, एक मीटर उभं इतक्या उतारावर आणा. कड्याच्या माथ्यावर पाणी मुरवायचे चर नकोत, कडा ढासळतो. एखादा पक्का खडकाचा उभा कडा मात्र तसाच ठेवा, घुबडं अशा कपारीत घरटी करतात. पाणी साठलेल्या खड्ड्याला कुंपण हवंच.

माती: हिशोब करून

एका एकरावर 10 सेंटिमीटर माती पसरायची म्हटलं तर साधारण 400 घनमीटर, म्हणजे 140 ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) वर लागते. ट्रॉलीत एक ब्रास धरला तरी खर्च हाताबाहेर जातो. त्यात ती माती दुसऱ्या माळावरून खरवडून आणली तर एका खाणीच्या दोन होतात. म्हणून दर चार मीटरला एक मीटर रुंदीचा पट्टा, तोही रिपरच्या रेघेवर: 35 ब्रासमध्ये काम भागतं. मधल्या जागेत गवत पुढे आपोआप सरकतं.

उपशाआधी बाजूला काढलेली वरची माती असेल तर ती सोन्याची, कारण गवताचं बी तिच्यातच असतं. तिचा ढीग दीड मीटरपेक्षा उंच करू नये आणि शक्यतो एका पावसाळ्यात वापरून टाकावा. साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारी मळी) जवळ मिळते म्हणून जाड थर देतात आणि मग सगळीकडे गाजरगवत माजतं. ती फक्त लावलेल्या गवताच्या ठोंबाच्या बुडाशी मूठभर द्यावी.

बी कुठलं, केव्हा

पवन्या, शेडा, मारवेल आणि डोंगरी ही मुख्य गवतं, सोबत शेंगवर्गातला शेवरा. बी जवळच्याच, न जळलेल्या माळावरून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कणसं तपकिरी होऊन हाताला सुटायला लागली की गोळा करावं. एक कणीस तळहातावर चोळून फुंकर मारा. हातात बारीक तपकिरी दाणा उरला तर बी भरलेलं. नुसता भुसा उडाला तर तो तुकडा सोडून पुढे चला. ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिन्यांची सुप्तावस्था असते. गोणपाटात भरून कोरड्या जागी पुढच्या जूनपर्यंत ठेवा. शेवऱ्याचं बी मात्र जाड्या वाळूत चोळून घ्यावं, त्याचं कवच कठीण असतं.

कुसळी हे गवत माळावर मुबलक मिळतं, पण मिश्रणात दहाव्या हिश्शावर जाऊ देऊ नका. त्याची कुसळं मेंढरांच्या लोकरीत, कातडीत आणि तोंडात रुततात.

एकरी दोन-तीन किलो बी पुरतं. सुटं बी मुंग्या नेतात, वारा नेतो. म्हणून एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चिकणमाती, एक भाग वाळू अशा गोळ्या हरभऱ्याएवढ्या वळून सावलीत वाळवा. पेरणी वळवावर करू नका: मेमधल्या एका सरीने उगवलेला कोंब पुढच्या उन्हात करपतो. मृगाचा पाऊस धरला की, आर्द्रा लागता लागता गोळ्या टाकाव्यात, एक सेंटिमीटरपेक्षा खोल नाही. मारवेलचे मुळासकट ठोंब पुनर्वसू-पुष्यात, मातीच्या पट्ट्यांतच अर्ध्या मीटरवर लावा. एकरी चार हजार लागतील. वर उसाचं पाचट दोन बोटं जाडीचं पसरून दगडांनी दाबा. त्याहून जाड झालं तर उजेड अडतो, बी कुजतं.

पहिल्या वर्षी गाजरगवत, घाणेरी फुलण्याआधी उपटा. ओसाड दिसलं म्हणून घाबरून पुन्हा पेरू नका. गवत पहिल्या पावसाळ्यात मुळंच जास्त धरतं.

चराई

दोन वर्षं चराईबंदी, ग्रामसभेच्या ठरावाने आणि धनगरांना विचारात घेऊनच. वाट बंद करताना पर्यायी वाट दिली नाही तर कुंपण टिकत नाही. दुसऱ्या वर्षी बी झडल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, विळ्याने कापून न्यावं. खतासाठी मेंढरं बसवायची असतील तर ती आधी वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आलेली नकोत. लेंड्यांतून बी जसंच्या तसं उतरतं.

तिसऱ्या वर्षी किती मेंढरं सोडायची ते मोजून ठरवा. गवत पिकल्यावर पाच-सहा ठिकाणी एकेक चौरस मीटर कापा, वाळवा, सरासरी काढा. समजा 200 ग्रॅम आलं: एकरी सुमारे 800 किलो, त्यातलं निम्मं जागेवर सोडायचं. मोठी मेंढी दिवसाला साधारण किलोभर वाळलं गवत खाते, म्हणजे 100 मेंढरं चार दिवस. बुडखे चार बोटांवर आले की चार दिवस पुरे झाले नसले तरी कळप हलवायचा.