ग्लायडरसाठी पॅराशूट घेताय? आधी ते घालून कॉकपिटमध्ये बसा, आणि या चुका टाळा

गेल्या महिन्यात जालन्याच्या एका पोराचा फोन आला. "दादा, पॅराग्लायडिंगचं रिझर्व्ह अर्ध्या किमतीत मिळतंय. ग्लायडरसाठी घेऊन टाकू का?"

अजिबात नको. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान, पॅराग्लायडर म्हणजे नुसता कापडी पंख. पॅराग्लायडर ताशी ३५-५० किलोमीटरने उडतो, त्याचं रिझर्व्ह, म्हणजे संकटकाळचं राखीव पॅराशूट, हाताने फेकायचं असतं. मोडलेला ग्लायडर बघता बघता ताशी २०० च्या पुढे जातो. त्या झटक्यासाठी ते कापड बनवलेलंच नाही. पायलटचं इमर्जन्सी पॅराशूट वेगळं असतं, आणि त्याच्या लेबलवर कमाल वजन आणि कमाल वेग छापलेला असतो.

लेबल वाचतानाही लोक फसतात. ते वजन तुमच्या एकट्याचं नसतं. कपडे, बूट, खिशातलं सामान आणि खुद्द पॅराशूट, सगळं त्यात आलं. टीएसओ-सी२३सी या जुन्या अमेरिकी प्रमाणपत्रात 'ए' श्रेणीची मर्यादा १९८ पौंड, म्हणजे ९० किलो, आणि १३० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २४० किलोमीटर. अंगाने ८२ किलोचा माणूस, अडीच किलो कपडे-बूट, सात किलोचं पॅराशूट: झालं, मर्यादा ओलांडली. त्याला २५४ पौंडांची, म्हणजे ११५ किलोची 'बी' श्रेणी लागेल. हेच सात किलो ग्लायडरच्या वजनाच्या आणि तोलाच्या हिशेबातही धरा.

सगळ्यात मोठी चूक मात्र फोटो बघून घेण्याची. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला शिकायला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना मी एकच सांगतो, ज्या ग्लायडरमध्ये उडणार त्यातच पॅराशूट घालून बसा. पाठीवरचं पॅराशूट दोन-तीन इंच जाड असलं तरी माणूस तेवढा पुढे सरकतो. मग गुडघे वर येतात, ग्लायडर वळवायची-उचलायची दांडी, म्हणजे स्टिक, पूर्ण मागे येत नाही, काचेचं झाकण डोक्याला टेकतं. सीटचे पट्टे आवळून घ्या आणि डोळे मिटून ओढायचं हँडल शोधा. मी एकदा असं केलं तर हँडल खांद्याच्या पट्ट्याखाली पूर्ण दडलेलं. बोटांनी चाचपत राहिलो, सापडेना. ते पॅराशूट मी घेतलं नाही.

वापरलेलं घेणार असाल तर मागचा फ्लॅप उघडून बघा. पिना सरळ हव्यात, लाल दोरा आणि त्यावरचं शिशाचं सील शाबूत हवं, आणि खिशातल्या पॅकिंग कार्डावरची शेवटची तारीख वाचा. अमेरिकेत नायलॉनच्या पॅराशूटचं पॅकिंग १८० दिवस चालतं. आपण निर्मात्याच्या पुस्तिकेत लिहिलंय ते पाळावं. बनावटीचं वर्ष तर विचाराच. १९८०च्या दशकातल्या काही गोल छत्र्यांमध्ये छत्रीला शिवलेल्या जाळीतल्या आम्लामुळे शेजारचं नायलॉन कमकुवत झालेलं आढळलं होतं. दिसायला ती नवीकोरी दिसत. आणि पैसे देण्याआधी हेही ठरवा की पुढचं री-पॅक, म्हणजे तपासून पुन्हा घडी घालणं, कुठला प्रमाणित रिगर (पॅराशूट बांधणारा कारागीर) करणार.

आता आपल्या मराठवाड्याचा प्रश्न. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी तापते. दोऱ्या धरून ठेवणारे रबर बँड अशा उष्णतेने चिकट होऊन तुटतात, आणि नायलॉनला ऊन लागलं की ते आतून खचत जातं. पॅराशूट कॉकपिटमध्ये किंवा डिकीत सोडू नका. घामाने ओलं झालं तर सावलीत वाळवा. ग्लायडरच्या बॅटरीशेजारी तर ठेवूच नका. आम्लाचा एक थेंब कापड खातो. आणि गोदामात उंदीर असतील तर पत्र्याची पेटी घ्या.

राहिली एक सवय. एकाच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात, घारींसारखी चार ग्लायडर गरगरत असतात, म्हणून टक्करीची भीती खरी आहे. झाकण उडवायचं, सीटचे पट्टे सोडायचे, बाहेर पडायचं, हँडल ओढायचं, एवढाच क्रम. पण रोज उतरल्यावर आत बसूनच पॅराशूटचे पट्टेही सोडणाऱ्याचा हात घाबरल्यावर तेच करतो. म्हणून जमिनीवरही दर वेळी पॅराशूट अंगावर ठेवूनच बाहेर या आणि पंखाशेजारी उभे राहून मग काढा.