आकड्यामागची पद्धत : अन्नशास्त्र आणि मानवी पोषण शिकताना

अन्नशास्त्र आणि मानवी पोषण या विषयाला मी प्रवेश घेतला तेव्हा घरच्यांपासून मैत्रिणींपर्यंत सर्वांची एकच समजूत झाली होती, की आता ही लोकांना वजन कमी करण्याचे तक्ते लिहून देणार. खरे सांगायचे तर माझी कल्पनाही फारशी वेगळी नव्हती. पहिल्या सेमिस्टरच्या वेळापत्रकात मात्र सेंद्रिय रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि संख्याशास्त्र एवढेच होते. ‘आहार’ हा शब्द पेपरच्या नावात दिसायला तिसरे सेमिस्टर उजाडावे लागले. नव्याने आलेल्यांपैकी बरेच जण याच टप्प्यावर हिरमुसतात. सध्या मी खाद्यपदार्थांच्या पाकिटांवरील पोषणमूल्यांची पडताळणी करण्याचे काम करते, आणि रोज हाताशी येते ते बहुतांशी त्या पहिल्या वर्षातलेच असते.

या विषयाचे दोन भाग आहेत. पदार्थ तोंडात जाईपर्यंत त्याचे काय होते, हे अन्नशास्त्र सांगते आणि तोंडात गेल्यावर काय होते, हे पोषणशास्त्र. बहुतेक ठिकाणी हे दोन भाग वेगवेगळे प्राध्यापक शिकवतात आणि त्यांचा सांधा जुळवण्याचे काम विद्यार्थ्यावर सोडून दिलेले असते. तो कुठे जुळतो, हे मला व्याख्यानात नव्हे, तर प्रॅक्टिकलमध्ये उमगले.

दुसऱ्या सेमिस्टरमध्ये कोबीतील ‘क’ जीवनसत्त्व मोजण्याचे प्रॅक्टिकल होते. कोबी वाटून, गाळून काढलेल्या अर्कात ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या, तोटी असलेल्या काचनळीतून, इंडोफिनॉल हे निळे रंगद्रव्य थेंबथेंब सोडायचे. जीवनसत्त्व शिल्लक असेपर्यंत थेंबाचा रंग पडताक्षणी नाहीसा होतो आणि ते संपले की आम्लामुळे फिकट गुलाबी छटा येते. ती पंधरा सेकंद टिकली की तोटी बंद करून वाचन घ्यायचे. आमच्या टेबलाचा आकडा शेजारच्या टेबलाच्या निम्म्याहूनही कमी आला. मी ब्युरेट पुन्हा धुतले, द्रावण पुन्हा तयार केले, तरी फरक पडेना. अखेर बाईंनी एकच प्रश्न विचारला, “कोबी वाटलास केव्हा आणि आम्ल घातलेस केव्हा?” आम्ही आधी कोबी साध्या पाण्यात वाटून ठेवला होता, जेवायला गेलो होतो आणि परत आल्यावर मेटाफॉस्फोरिक आम्ल घातले होते. वाटताना पेशी फुटल्या की कोबीतलेच एक विकर (एन्झाइम) हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने या जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण सुरू करते. आम्ल घालायचे ते विकराला थोपवण्यासाठी, आणि तेही वाटतानाच. जर्नलमध्ये आमच्या एकाही पायरीपुढे वेळ लिहिलेली नव्हती, त्यामुळे नुकसान नेमके किती मिनिटांत झाले हे सांगण्याचीही सोय उरली नाही. ब्युरेट निर्दोष होते. चूक टायट्रेशनच्या, म्हणजे थेंबथेंब सोडून मोजण्याच्या, दीड तास आधी होऊन गेली होती. तेव्हापासून माझ्या जर्नलच्या समासात घड्याळाच्या वेळेचा एक वेगळा रकाना असतो.

कोणताही आकडा कोणत्या पद्धतीने आला, हे विचारण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. प्रथिनांचेच पाहा. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये मांडलेली पद्धत आजही पायाभूत म्हणून शिकवली जाते. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात तापवून त्यातील नायट्रोजन अमोनियम सल्फेटच्या रूपात आणायचा, अल्कली घालून मोकळा झालेला अमोनिया ऊर्ध्वपातनाने गोळा करायचा आणि टायट्रेशनने मोजायचा. यात मोजला जातो तो नायट्रोजन, प्रथिने नव्हेत. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणले जाते. दुधासाठी हा गुणक ६.३८ आणि गव्हासाठी ५.७ वापरतात. म्हणजे गव्हाच्या ज्या नमुन्यात २ टक्के नायट्रोजन आहे, त्यात प्रथिने ११.४ टक्के म्हणायची की १२.५ टक्के, हे केवळ गुणकाच्या निवडीवर ठरते. हा पोथीतला काथ्याकूट वाटत असेल, तर २००८ मध्ये चीनमध्ये उघडकीस आलेले बालदुधाचे प्रकरण आठवावे. पाणी मिसळलेल्या दुधाची प्रथिने पुरेशी दिसावीत म्हणून त्यात मेलामाइन हे औद्योगिक रसायन घातले गेले होते. मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो, त्यामुळे या हिशेबात शंभर ग्रॅम मेलामाइन चारशे ग्रॅमहून अधिक ‘प्रथिने’ दाखवते. सुमारे ३ लाख बालके आजारी पडली आणि काही दगावली.

पाकिटावरील कर्बोदकांचा आकडा तर पुष्कळदा थेट मोजलेलाही नसतो. पाणी, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि राख (नमुना जाळल्यावर उरणारी खनिजे) यांची बेरीज शंभरातून वजा करायची आणि उरेल ते कर्बोदक म्हणायचे, अशी पद्धत रूढ आहे. साहजिकच बाकीच्या चारही मोजमापांतील चुका त्या बिचाऱ्या कर्बोदकांच्या माथी येतात.

अन्नशास्त्र आणि पोषणशास्त्र यांचा सांधा जुळण्याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे ऊर्जेचा आकडा. अमेरिकी शास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कामातून आलेले गुणक, म्हणजे प्रथिने व कर्बोदके यांना प्रत्येकी ४ आणि स्निग्ध पदार्थांना ९ किलोकॅलरी प्रतिग्रॅम, आपण पाठ करतो आणि विसरून जातो की ते सरासरी आहेत. अख्ख्या बदामातून शरीराला प्रत्यक्ष मिळणारी ऊर्जा या गुणकांनी काढलेल्या ऊर्जेपेक्षा बरीच कमी भरते, कारण चावून न फुटलेल्या पेशींच्या भित्तिकांमध्ये अडकलेले तेल न पचताच बाहेर पडते. तेच बदाम बारीक वाटले की हिशेब बदलतो. भित्तिका कशाने फुटते हा अन्नशास्त्राचा प्रश्न आणि तेल किती शोषले जाते हा पोषणशास्त्राचा. उत्तरपत्रिकेत ते दोन वेगळ्या पेपरांत येतात, पोटात मात्र एकत्रच जातात.

पोषणाच्या बाजूचे मोजमाप आणखी निसरडे असते. मागील चोवीस तासांत काय काय खाल्ले, हे विचारून नोंदवण्याचे प्रॅक्टिकल आम्ही एकमेकींवर केले. मैत्रिणीने अत्यंत प्रामाणिकपणे यादी सांगितली, आणि नंतर सहज बोलता बोलता आठवण झाली, की दोन कप चहा, त्यातली साखर आणि अभ्यास करताना तोंडात टाकलेले शेंगदाणे राहूनच गेले. ती खोटे बोलत नव्हती; माणूस जेवण लक्षात ठेवतो, येता-जाता खाल्लेले नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या जड समस्थानिकांनी युक्त पाणी पाजून शरीराने खर्च केलेली ऊर्जा मोजता येते, आणि तिच्याशी ताडून पाहिले असता लोक आपले खाणे सर्रास कमी सांगतात, हे वारंवार दिसून आले आहे. त्यामुळे ‘अमुक खाल्ल्याने तमुक होते’ अशी बातमी वाचली की आम्ही आधी विचारतो, खाल्ले ते मोजले कसे?

संख्याशास्त्राला घाबरून ते शेवटपर्यंत लांबणीवर टाकू नये. चवीची त्रिकोण-चाचणी घ्या : तीन नमुने, त्यांतील दोन सारखे, प्रत्येकावर तीन अंकी यादृच्छिक क्रमांक आणि रंगातला फरक लपवण्यासाठी लाल दिवा. तीस परीक्षकांपैकी दहा जण निव्वळ अंदाजानेच वेगळा नमुना ओळखतील, आणि फरक खरोखर जाणवतो असे म्हणण्यासाठी ५ टक्के पातळीवर, म्हणजे निव्वळ अंदाजाने तसे घडण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असावी यासाठी, किमान पंधरा अचूक उत्तरे लागतात. बारा जणांनी ओळखले म्हणून आमच्या गटाने अहवालात ‘फरक स्पष्ट आहे’ असे ठोकून दिले होते आणि तोंडी परीक्षेत त्याची किंमत मोजली. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही; भात आधी नीट ढवळलेला असावा, एवढेच.

नोकरीबद्दल एक गोष्ट प्रवेशाआधीच तपासून घ्यावी. या पदवीवर गुणवत्ता नियंत्रण, नवीन उत्पादनांचा विकास, अन्नसुरक्षा, लेबलविषयक नियमांचे काम, सार्वजनिक आरोग्याचे प्रकल्प आणि संशोधन हे मार्ग खुले होतात. रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करण्यासाठी मात्र अनेक देशांत मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, देखरेखीखालील इंटर्नशिप आणि नोंदणी यांची वेगळी अट असते. केवळ पदवीच्या नावात ‘पोषण’ आहे म्हणून ती पूर्ण होत नाही. माझ्या वर्गातील दोघींना हे अंतिम वर्षात कळले आणि त्यांना आणखी दोन वर्षे घालावी लागली.

विभागाची निवड करताना माहितीपत्रकातील यंत्रांच्या छायाचित्रांवर जाऊ नये. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठावे आणि गेल्या महिन्यात त्याने स्वतःच्या हाताने किती नमुने तोलले, हे विचारावे. ‘सर करून दाखवतात, आम्ही आकडे उतरवून घेतो’ असे उत्तर आले, तर दुसऱ्या विभागाचा पत्ता शोधायला लागावे.