अ‍ॅड-ऑन विमानात रेडिओ किंवा ऑटोपायलट चालत नाहीये? कुठून बघायला सुरुवात करायची

फ्लाइट सिम्युलेटरसाठी (म्हणजे सिमसाठी) नवीन विमान डाउनलोड केलं, कॉकपिट झकास दिसतंय, इंजिनपण चालू झालं, पण रेडिओवर फ्रिक्वेन्सीच फिरत नाही, नाहीतर ऑटोपायलट लावूनही विमान भलतीकडेच चाललंय. अशा वेळी बहुतेक जण सरळ अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करतात. प्लीज तसं लगेच करू नका, कारण घोळ स्विचचा किंवा सेटिंगचा असेल तर तो त्याने जात नाही, आणि अख्खी संध्याकाळ मात्र जाते. खालचं बरंचसं एफएसएक्स (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स) आणि पी३डी (प्रीपेअर३डी) हे सिम धरून लिहिलंय, मायक्रोसॉफ्टच्या २०२० आणि २०२४ च्या सिमसाठी काय वेगळं ते शेवटी सांगतो.

पहिलं काम म्हणजे दोष अ‍ॅड-ऑनचा आहे की सिमचा, हे ठरवणं. सिमबरोबर आलेली सेसना १७२ (ती नसेल तर सिमबरोबर आलेलं दुसरं साधं विमान) घ्या आणि मुंबईला, म्हणजे व्हीएबीबी या कोडच्या विमानतळावर, पार्किंगमध्ये उभी करा. मॅपवर मुंबईच्या व्हीओआरवर (दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावर) क्लिक केलं की फ्रिक्वेन्सी दिसते, ती नॅव्ह १ ला, म्हणजे पहिल्या नॅव्हिगेशन रेडिओला, लावा आणि ऑडिओ पॅनलवर नॅव्ह १ चं बटण दाबा. त्याची ओळख बीबीबी आहे, त्यामुळे मोर्समध्ये एक लांब आणि तीन आखूड असं तीनदा ऐकू यायला पाहिजे. आता तिथेच अ‍ॅड-ऑन विमान आणून तेच करा. सेसनात ऐकू आलं आणि इथे नाही, तर विमानात बघायचं. दोन्हीकडे नाही आलं तर सिमचा आवाज, की-सेटिंग किंवा नॅव्हिगेशन डेटा बघायचा, विमानाच्या फाइलींना हात लावू नका.

मग वीज. बॅटरी, अल्टरनेटर आणि अ‍ॅव्हिऑनिक्स मास्टर (रेडिओसारख्या उपकरणांचा मुख्य स्विच) हे तिन्ही चालू आहेत का? केबिनमधले दिवे लागतायत पण रेडिओ काळाठिक्कर, असं असेल तर जवळपास नक्की अ‍ॅव्हिऑनिक्स मास्टर बंद असतो. काही जुन्या फ्रीवेअर विमानांत तो स्विच पॅनलवर काढलेलाच नसतो, मग कंट्रोल सेटिंगमध्ये त्याला एक की द्यायची. प्रत्येक रेडिओचं स्वतःचं ऑन-ऑफचं बटण वेगळं असू शकतं, नव्या विमानांत सर्किट ब्रेकरपण असतात, तेही बघा. आणि इंजिन बंद ठेवून बराच वेळ बटणं चाळत बसलात तर बॅटरी उतरते, मग सगळं एकेक करून विझतं आणि वाटतं विमानच खराब आहे.

फ्रिक्वेन्सी बरोबर खिडकीत आहे का बघा. नॅव्हला १०८.०० ते ११७.९५ एवढंच चालतं, कॉम (बोलायचा रेडिओ) ११८ पासून पुढे, सगळं मेगाहर्ट्झमध्ये. आपण फिरवतो ती स्टँडबाय असते, अदलाबदलीचं बटण दाबल्याशिवाय ती चालू होत नाही. कॉमवर तिसरा दशांश लागत नसेल तर रेडिओ २५ किलोहर्ट्झच्या टप्प्यावर आहे, जिथे सोय आहे तिथे तो ८.३३ वर करा.

आता ऑटोपायलट, आणि इथे जरा निवांत बघा, कारण माझ्या मते "ऑटोपायलट बिघडलाय" अशा तक्रारींतला मोठा भाग एकाच स्विचचा असतो, तो म्हणजे नॅव्ह/जीपीएस. हा स्विच जीपीएसवर असेल तर नॅव्ह मोड तुमच्या फ्लाइट प्लॅनच्या मागे जातो, तुम्ही व्हीओआर कितीही नीट लावा, तो तिकडे बघणारच नाही. उलट स्विच नॅव्हवर असेल तर फ्लाइट प्लॅनला विचारत नाही. आयएलएस (उतरताना रनवेची दिशा आणि उतार दाखवणारे रेडिओ सिग्नल) पकडायचं असेल तर एफएसएक्समध्ये स्विच नॅव्हवरच पाहिजे, आणि आयएलएस नॅव्ह १ लाच, नॅव्ह २ ला नाही. कोर्सची सुई रनवेच्या दिशेला लावा, लोकलायझरला (दिशेच्या सिग्नलला) साधारण ३० अंशांत येऊन मिळा आणि ग्लाइडस्लोप (उताराचा सिग्नल) खालून पकडा, वरून आलात तर तो बहुधा पकडला जात नाही आणि दोष मात्र बिचाऱ्या विमानाला मिळतो.

विमान वर चढत नसेल तर व्हर्टिकल स्पीड (चढण्या-उतरण्याचा वेग) बघा. ५००० फूट लावलेत पण स्पीड शून्य किंवा उणे असेल तर ते चढणार कसं? केएपी १४० सारख्या ऑटोपायलटमध्ये ऑल्टचं बटण दाबलं की तो आत्ताची उंची धरतो, लावलेली नाही. हेडिंग चुकत असेल तर जायरो (दिशा दाखवणारं यंत्र) सरकलेला असतो, एफएसएक्समध्ये कीबोर्डवर डी दाबा.

विमान डुलत असेल किंवा ऑटोपायलट आपोआप सुटत असेल तर जॉयस्टिक काढून बघा. थरथरणारा अ‍ॅक्सिस, त्यातही ट्रिमला (विमानाचा तोल साधणाऱ्या सेटिंगला) लावलेला, ऑटोपायलटशी भांडत राहतो. जॉयस्टिक काढल्यावर शांत झालं तर डेड झोन (जॉयस्टिकची बारीक हालचाल सिम धरत नाही तो भाग) वाढवा. एअरबसमध्ये साइडस्टिक जोरात हलली की ऑटोपायलट सुटणं हे खऱ्या विमानासारखंच आहे, तो बग नाही.

एवढं करूनही नाही झालं तरच फाइली उघडा. विमानाच्या फोल्डरमधली एअरक्राफ्ट डॉट सीएफजी आधी कॉपी करून ठेवा. तिच्यात रेडिओज विभागात नॅव्ह १ समोर १, १, १ असं असतं: रिसीव्हर आहे, स्टँडबाय आहे, ग्लाइडस्लोप आहे. तिसरा आकडा ० असेल तर लोकलायझर चालेल पण ग्लाइडस्लोपची सुई हलणार नाही. ऑटोपायलट विभागात "अव्हेलेबल" समोर १ पाहिजे. पायपर कबसारख्या विमानात मुद्दाम ० असतं, मूळ कबला तर वीजच नव्हती. नॅव्ह मोडमध्ये विमान नागमोडी जात असेल तर त्याच आकाराच्या डिफॉल्ट विमानातले ऑटोपायलटचे आकडे उचलून टाका. फाइल सेव्ह केल्यावर दुसरं विमान निवडून परत यायचं, नाहीतर बदल वाचलाच जात नाही.

पॅनलवर रेडिओच्या जागी भोक दिसत असेल तर पॅनल डॉट सीएफजीमध्ये त्या गेजचं (पॅनलवरच्या उपकरणाच्या फाइलचं) नाव शोधा आणि ती फाइल खरंच गेजेस फोल्डरमध्ये किंवा विमानाच्या पॅनल फोल्डरमध्ये आहे का बघा. फाइल आहे तरी चालत नाही, तर कदाचित तुम्ही कधीतरी परवानगीच्या खिडकीत "नाही" दाबलं असेल: एफएसएक्स डॉट सीएफजीच्या ट्रस्टेड विभागातली त्या गेजची ओळ काढा, सिम परत विचारेल. पी३डी चौथ्या आवृत्तीपासून ६४ बिट आहे, तिथे ३२ बिट गेज चालणारच नाहीत, त्यावर वेळ घालवू नका.

२०२० आणि २०२४ च्या सिममध्ये आधी कम्युनिटी फोल्डरमधलं (बाहेरून डाउनलोड केलेली विमानं आणि मॉड जिथे टाकतो तिथलं) सगळं बाहेर काढा, फक्त ते एक विमान ठेवा आणि चालवून बघा. चाललं तर बाकीचे मॉड थोडे थोडे परत टाका, भांडणारा सापडतो. मोठ्या एअरलायनर अ‍ॅड-ऑनमध्ये ऑटोपायलट त्यांचा स्वतःचा असतो, त्यामुळे सिमच्या नेहमीच्या की किंवा रेडिओ पॅनलचं हार्डवेअर तिथे चालेलच असं नाही, माउसने बटण चालतंय आणि कीने नाही तर हेच कारण. मॅन्युअलमध्ये त्यांच्या व्हेरिएबलची (बटणांच्या आतल्या नावांची) यादी बघा आणि मोबीफ्लाइट किंवा एफएसयूआयपीसी यांसारखं जोडणीचं सॉफ्टवेअर वापरून जोडा.

तरीही अडलं तर विमान बनवणाऱ्याला लिहा, पण सिमची आवृत्ती, विमानाची आवृत्ती, कोणती फ्रिक्वेन्सी लावली, नॅव्ह/जीपीएस कुठे होतं आणि सेसनात तेच चाललं का, एवढं नक्की लिहा.