अमेरिकेत मोबाइल कंपनीकडून नवा फोन कसा घ्यावा

अमेरिकेतल्या मराठी घरांत सप्टेंबर जवळ आला की एक प्रश्न हमखास निघतो : ‘नवा आयफोन फुकट मिळतोय, घेऊन टाकू का?’ गेल्या पंधरा वर्षांत घरच्या चार लाइनींसाठी, म्हणजे चार नंबरांसाठी, आणि ओळखीतल्या कितीतरी जणांसाठी मी मोबाइल कंपन्यांकडून फोन घेतले आहेत, आणि या विषयावरचे बहुतेक सल्ले कॅमेरा कोणाचा चांगला एवढ्यावरच संपतात हे पाहून आता वैताग येतो. कॅमेरे सगळ्यांचेच चांगले असतात. फसगत होते ती करारात, म्हणून फोन कोणता घ्यावा हे मी येथे सांगणार नाही. तो निवडून झाला आहे आणि आपल्या भागात कोणत्या कंपनीचे नेटवर्क चालते हेही माहीत आहे, असे धरून चालतो.

फोन कधी घ्यावा, हे ठरवणे सोपे आहे. आयफोन सप्टेंबरमध्ये येतो. २०२५ साली ९ सप्टेंबरला घोषणा झाली, १२ला नोंदणी सुरू झाली आणि १९ला फोन हातात आले. सॅमसंगची गॅलेक्सी एस मालिका वर्षाच्या सुरुवातीला आणि घडीचे फोन जुलैच्या आसपास येतात, तर गूगलचे पिक्सेल अलीकडे ऑगस्टमध्ये येऊ लागले आहेत. जुना फोन कंपनीला देऊन नव्यावर सवलत घ्यायची असेल, तर त्याला सर्वांत चांगला भाव बहुधा या नोंदणीच्या पहिल्या काही दिवसांतच मिळतो, म्हणून नवा फोन यायला सहा आठवडे उरले असताना मागच्या वर्षीचा फोन पूर्ण किमतीला घेऊ नये.

त्यानंतर दुकानात न जाता कागद-पेन्सिल घेऊन बसावे. व्हेरायझन असो, एटी अँड टी असो वा टी-मोबाइल, ‘फुकट’ फोनच्या सर्वांत मोठ्या योजना बहुधा महागड्या अनलिमिटेड प्लॅनवरच मिळतात. तुमचा सध्याचा प्लॅन आणि योजनेसाठी लागणारा प्लॅन यांत महिन्याला २५ डॉलरचा फरक असेल, तर ३६ महिन्यांत तो ९०० डॉलर होतो. म्हणजे फोन फुकट मिळालेला नसतो, त्याची किंमत प्लॅनच्या रकान्यात जाऊन बसलेली असते. तुम्ही आधीपासूनच महागडा प्लॅन वापरत असाल, चार लाइनी असतील आणि कंपनी बदलण्याचा विचार नसेल, तर मात्र ही योजना खरोखर फायद्याची असते, आणि अशा घरांना मी ती बिनदिक्कत घ्यायला सांगतो. एकट्या माणसाने, विशेषतः नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याने, भारतातून आणलेला फोन चालू ठेवून मिंट किंवा व्हिजिबलसारख्या कंपनीचा स्वस्त प्लॅन घ्यावा. दुकानातला विक्रेता हे सांगणार नाही, आणि त्याने ते सांगावे ही अपेक्षाही नाही.

आता ज्या टप्प्यावर मी स्वतः तोंडघशी पडलो, तो सविस्तर सांगतो.

कंपनी फोनची किंमत कमी करत नाही. ती पूर्ण किमतीचे हप्ते बांधून देते आणि त्यातली सवलत दर महिन्याच्या बिलात ‘क्रेडिट’ म्हणून परत करते. २०२२ साली मी १०९९ डॉलरचा आयफोन १४ प्रो मॅक्स असाच ‘फुकट’ घेतला होता. बिलावर दर महिन्याला ३०.५३ डॉलरचा हप्ता दिसायचा आणि त्याच्याच खाली वजा ३०.५३. हे असे ३६ महिने चालायचे होते. दोन्ही आकडे एकमेकांना खात असल्यामुळे माणूस ते पाहणेच सोडून देतो, आणि कर्ज आपल्या नावावर आहे हे विसरतो. क्रेडिट ही कंपनीची मेहेरबानी असते. हप्ता मात्र तुमची जबाबदारी असते.

विसावा हप्ता झाल्यावर पुण्याला जायचे ठरले. तो फोन वडिलांना द्यावा आणि इकडे नवा घ्यावा, असा विचार होता. फोन लॉक होता, म्हणजे त्या कंपनीखेरीज दुसऱ्या कोणाचेही सिम तो स्वीकारणार नव्हता. कंपनीच्या चॅटवर विचारले, तेव्हा समोरच्या व्यक्तीने सांगितले की उरलेली रक्कम भरा, फोन आपोआप अनलॉक होईल. माहिती खरी होती, पण अर्धी होती. मी उरलेल्या १६ हप्त्यांचे ४८८.४८ डॉलर भरले, दोन दिवसांत फोन अनलॉक झाला, आणि पुढच्या बिलातून ३०.५३ची वजाबाकी नाहीशी झाली. हप्ते मुदतीआधी फेडले की उरलेली क्रेडिट रद्द होतात, हे कलम माझ्याच करारात आठव्या पानावर होते. मी दोन तास फोनवर भांडलो. काहीही उपयोग झाला नाही, आणि खरे सांगायचे तर व्हायला नकोच होता, कारण सही माझी होती.

म्हणून माझे मत पक्के आहे, आणि त्याला मी अपवाद करत नाही : कंपनीच्या योजनेतला फोन ३६ महिने लॉकच राहणार असे धरूनच घ्यावा. या व्यवहाराची गोम अशी आहे की अनलॉक करायला फोन पूर्ण फेडलेला असावा लागतो, आणि अनेक योजनांत फोन पूर्ण फेडला की सवलत संपते. एटी अँड टीच्या नियमात फोन फेडलेला असण्याबरोबरच तो ६० दिवस वापरात असावा लागतो, टी-मोबाइलच्या मासिक बिलाच्या ग्राहकांसाठी ही मुदत ४० दिवसांची आहे. पण हे दिवस हा किरकोळ भाग आहे, खरी अट ‘फेडलेला’ ही आहे. व्हेरायझनचे फोन ६० दिवसांनी आपोआप अनलॉक होत असत, आणि जुने सल्ले अजूनही त्यावरच उभे आहेत. ती सोय आजही तशीच आहे असे गृहीत धरू नये. सही करण्याच्या दिवशी त्या कंपनीचे अनलॉकचे पान उघडून वाचावे आणि त्याची प्रत ठेवावी. अमेरिकेत २०१४ साली अनलॉकिंगचा कायदा झाला हे खरे आहे, पण त्याने फेडलेला नसलेला फोन अनलॉक करून देण्याची सक्ती कंपनीवर येत नाही, त्यामुळे कायद्याचा धाक घालून वेळ दवडू नये.

आपल्या लोकांना लॉक इतरांपेक्षा जास्त नडतो, कारण आपला भारतातला नंबर सुटलेला नसतो. बँकेचा ओटीपी, आधार, म्युच्युअल फंड, गावच्या घराचे वीजबिल, सगळे त्या नंबरावर येते. दुहेरी सिमची सोय असलेला फोन लॉक असेल, तर दुसरी लाइनही त्याच कंपनीची लागते, म्हणून जिओचे किंवा एअरटेलचे सिम त्यात चालत नाही. मग केवळ ओटीपीसाठी एक जुना फोन ड्रॉवरमध्ये चार्जरला लावून ठेवलेला असतो. अशी घरे मी डझनभर पाहिली आहेत. त्यांतले एक माझे होते. भारतीय नंबर रोज लागत असेल, किंवा वर्षा-दोन वर्षांनी परतण्याचा विचार असेल, तर योजनेच्या वाटेला न जाता अनलॉक्ड फोन पूर्ण किमतीला विकत घ्यावा. ॲपलच्या संकेतस्थळावर त्यासाठी कंपनी नंतर जोडण्याचा पर्याय निवडावा लागतो. ॲपलच्या दुकानातून घेतला म्हणजे फोन अनलॉक्डच असतो, हा समज चुकीचा आहे; तेथेही मोबाइल कंपनीच्या हप्त्यांवर घेतलेला फोन लॉक असू शकतो.

सही करण्यापूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे चॅटमध्ये किंवा ईमेलवर लेखी घ्यावीत. मुदतीआधी फेडल्यास क्रेडिट थांबतात का? स्वस्त प्लॅनवर गेल्यास थांबतात का? आणि लाइन बंद न करता दुसऱ्याच्या नावावर केल्यास काय होते? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि मूल नोकरीला लागून आपली लाइन वेगळी करते तेव्हा तोच महागात पडतो.

जुना फोन देऊन भाव घ्यायचा असेल तर शक्यतो दुकानात समोरासमोर द्यावा आणि पावतीवर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, लिहून घ्यावा. *#०६# दाबले की तो पडद्यावर येतो. टपालानेच पाठवावा लागला, तर हरवलेला आयफोन शोधण्याची ‘फाइंड माय’ सोय बंद करून फोनमधली सगळी माहिती पुसावी, तो चालू असताना पडद्याचे, पाठीचे आणि चारही कडांचे व्हिडिओ काढावेत, खोक्यात ठेवतानाचा व्हिडिओही काढावा आणि टपालाची पावती जपून ठेवावी. एकदा माझ्या बायकोच्या फोनचा पडदा ‘तडा गेलेला’ म्हणून नोंदला गेला आणि कबूल केलेला भाव पार खाली आला. चाळीस सेकंदांच्या व्हिडिओने तो परत मिळाला. फोन पाठवायच्या मुदतीची तारीखही कॅलेंडरवर लिहून ठेवावी, कारण जुना फोन उशिरा पोहोचला तर सबंध सवलत जाऊ शकते.

करासाठी रोख रक्कम तयार ठेवावी. अनेक राज्यांत ‘फुकट’ फोनवरही पूर्ण किमतीचा विक्रीकर पहिल्याच दिवशी लागतो. न्यू जर्सीत ६.६२५ टक्क्यांनी १०९९ डॉलरवर तो ७२.८१ डॉलर होतो. नवी लाइन जोडण्याचे किंवा फोन बदलण्याचे शुल्क वेगळे. विम्याला माझ्या घरी थारा नाही. चांगले कव्हर आणि काच पुरते.

पहिली तीन बिले ओळ न् ओळ वाचावीत. क्रेडिट लगेच दिसत नाही. एक-दोन बिले उलटतात आणि मग मागचे एकदम जमा होते. तिसऱ्या बिलातही ते दिसले नाही, तर त्याच दिवशी लेखी तक्रार करावी. योजनेचे नाव तक्रारीत असले पाहिजे, नाहीतर चॅटवरचा माणूस वेगळ्याच योजनेच्या अटी वाचून दाखवतो.

फोन भारतात द्यायचा असेल तर अनलॉक झाल्याची खात्री विमानात बसण्यापूर्वी करावी. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट या क्रमाने गेल्यावर ‘कॅरियर लॉक’ या ओळीसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे असायला हवे. दुसरी गोष्ट मला पुण्यात पोहोचल्यावर उमगली. वडील सिम काढायची पिन हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून फोनच्या चारही कडा चाचपत बसले होते, आणि भोक काही सापडेना. आयफोन १४पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा ट्रेच नसतो. त्यात फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवले जाणारे सिम, चालते. भारतात जिओ, एअरटेल आणि व्ही यांची ई-सिम मिळते, पण जुने सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही येत नाही. त्यामुळे हे काम भारतात पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी सकाळी करावे, आणि पेन्शनचे किंवा मुदत ठेवीचे काम असेल त्याच्या आदल्या दिवशी करू नये. वडिलांचे नेमके तेच झाले, आणि बँकेत दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभे राहावे लागले, ते मला.