चोक ओढला तरच चालणारी जुनी शंभर सीसी गाडी

लक्षण: इंजिन तापलं की आयडलला (रेस न देता नुसतं चालू असताना) फडफडतं, चोक बंद करताच गाडी बंद. अर्धा चोक ओढला की सुरळीत. नवा प्लग, पेट्रोल फिल्टर, कार्बोरेटरची सफाई, कशानेच फरक नाही. खर्च गेला, वैताग राहिला.

चोक हवा अडवतो; त्याने सुधारते म्हणजे पेट्रोल-हवेच्या मिश्रणात हवा जास्त. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात कार्बोरेटर आणि इंजिनच्या हेडमधल्या काळ्या इन्सुलेटरचा (उष्णता अडवणाऱ्या तुकड्याचा) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, कडक होऊन चपटा पडतो आणि तिथून हवा शिरते.

खात्री अशी करा: आयडलवर त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की गळती तिथेच. पेट्रोल मात्र कधीच मारू नका, आग लागते.

इंजिन गार झाल्यावर पेट्रोलचा कॉक बंद, मग कार्बोरेटरचे दोन्ही नट काढा. इन्सुलेटर काचेवर ठेवून बघा; डुगडुगला तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून घासा, तडकला असेल तर बदलाच. सगळे ओ-रिंग नवे टाका. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा; एकच बाजू आधी आवळली की फ्लँज (नट बसतात ती कार्बोरेटरची सपाट कड) वाकतो, पुन्हा हवा ओढतो.

शेवटी गाडी पूर्ण तापवून आयडल साधारण १४०० आरपीएमवर लावा.