'मांसाहारी' वाचलं, 'गण' राहिला: सागरी सस्तन प्राण्यांच्या उत्तरात या चुका टाळा

सांगलीत, विश्रामबागेत माझा जीवशास्त्राचा क्लास आहे. परवा रात्री भडंगाची वाटी शेजारी घेऊन पेपर तपासायला बसलो. प्रश्न साधा होता: मांसाहारी गणातील तीन सागरी सस्तन प्राणी लिहा. निम्म्या पेपरांत पहिलं उत्तर देवमासा! एकाने मगर लिहिली होती. तो भिलवडीचा, नदीकाठी मगरी बघतच वाढलेला. पण मगर अंडी घालते, ती सरीसृप. तो विषय तिथेच संपला.

देवमाशाची चूक मात्र हुशार मुलं करतात. देवमासा क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि मासे खातो, काही जाती तर सीलसुद्धा खातात, मग तो मांसाहारी नाही का? आहे, पण आहाराने. गण म्हणजे वर्गीकरणातला एक गट. मांसाहारी गणाचं शास्त्रीय नाव कार्निव्होरा, आणि तो ताटावरून नाही, वंशावळीवरून ठरतो. देवमासे आणि डॉल्फिन समखुरी, म्हणजे गाय-हरणासारख्या सम संख्येच्या खुरांच्या प्राण्यांच्या वंशातले. आज हयात असलेला त्यांचा सर्वांत जवळचा भाऊबंद पाणघोडा. उलट पांडा जन्मभर बांबू चघळतो, तरी कार्निव्होरातच. घरातल्या एकाने माळ घातली, मटण सोडलं, म्हणून त्याचं आडनाव बदलत नाही. (डुगाँग तर समुद्री गवत खातो आणि नात्याने हत्तीकडचा. तो इथे कुठल्याच अर्थाने बसत नाही.)

मग लिहायचं काय? सील, समुद्रसिंह, वॉलरस, समुद्री पाणमांजर आणि ध्रुवीय अस्वल. अस्वल लिहायला मुलं घाबरतात. घाबरू नका. त्याची शिकार सील आणि शिकारीची जागा समुद्रावरचा बर्फ. अमेरिकेच्या 1972 च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यातही ते आहे.

'सर्वांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो' हे पाठ केलेलं वाक्य. त्यातल्या 'सर्वांच्या'वर मी लाल गोल करतो. समुद्री पाणमांजराला तो थर नसतो. त्याची ऊब केसांत. एका चौरस सेंटीमीटरवर लाखाहून जास्त केस आणि त्यांत अडकलेली हवा. शरीराची भट्टी पेटती ठेवायला रोज वजनाच्या साधारण पाव हिस्सा खाणं लागतं. म्हणूनच 1989 मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर तेलवाहू जहाज खडकावर आपटलं, तेव्हा हे प्राणी मोठ्या संख्येने मेले. केस तेलाने चिकटले की थंडी थेट अंगाला भिडते. आणि पाणमांजराला उदमांजर लिहू नका. ते झाडावर चढणारं वेगळंच जनावर.

आता सगळ्यात जास्त गुण घालवणारी जोडी: सील आणि समुद्रसिंह. एका मुलीने सुंदर चित्र काढलं होतं: पुढच्या वल्ह्यांवर (वल्ह्यासारख्या पायांवर) ताठ बसलेला, मान वर केलेला प्राणी. खाली नाव, सील. खऱ्या सीलला असं बसता येत नाही. त्याचे मागचे पाय पुढे वळत नाहीत, जमिनीवर तो पोटावर सरपटतो आणि पाण्यात मागचे पाय डावीउजवीकडे हलवून पोहतो. बाहेरचा कान नाही, नुसतं भोक. समुद्रसिंहाला डोळ्यामागे बोटाच्या पेराएवढा कान दिसतो. तो मागचे पाय पोटाखाली घेऊन चक्क चारी पायांवर चालतो आणि पोहताना जोर पुढच्या वल्ह्यांचा. तेव्हा चित्र काढण्याआधी कान ठरवा, मग पाय.

पेपर परत दिले तेव्हा तिने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, मग वॉलरस? त्याला बाहेरचा कान नाही, तरी मागचे पाय वळतात."

बरोबर आहे. म्हणूनच वॉलरसचं कुल, म्हणजे गणातला पोटगट, वेगळं आणि आज त्या कुलात तो एकटाच. चित्राचा अर्धा गुण मी कापला होता, तो परत दिला.