पाठीलाही कागद लावा: हातकागदाच्या कोलाजमधली माझी पहिली वर्षं

वेंगुर्ल्यात जुलैमध्ये कोरा कागद टेबलावर ठेवला, तर संध्याकाळपर्यंत तो हाताला मऊ लागतो. कोलाज, म्हणजे कागद आणि वस्तू चिकटवून केलेलं चित्र, शिकायला येणाऱ्यांना मी आधी हेच दाखवते. रचना, रंगसंगती सगळं पुढचं. कागद पाणी कसा पितो आणि वाळताना काय करतो, हे आधी कळायला हवं.

पहिल्या वर्षी मी पुठ्ठ्यावर हातकागद, म्हणजे हाताने बनवलेला कागद, चिकटवून सहा चित्रं केली. चार दिवसांत सगळे पुठ्ठे पन्हळासारखे वळले. सावंतवाडीतल्या एका बाइंडर काकांकडे ते घेऊन गेले. त्यांनी एक पुठ्ठा उलटा धरला आणि म्हणाले, "एकाच बाजूक लावलंस तर तो ओढतलोच गो. पाठीकय लाव." ओला कागद फुगतो, वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे खेचतो. पाठीला तसाच कागद, तशाच खळीने लावला की दोन्हीकडची ओढ सारखी होते. मग वर वजन ठेवून दोन रात्री तसंच राहू द्यायचं. काकांनी मला सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्तेही बघायला पाठवलं. दशावतारी संचात १२० गोल पत्ते असतात. जुन्या पद्धतीत त्यांवर चिंचोक्याची खळ आणि खडूचे थर चढवत. थरावर थर देण्याचं हे काम आपल्या मातीत किती जुनं आहे, ते बघून मला फार बळ आलं.

कागद कुठला घ्यावा? पुण्याला जाणं झालं, तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जरूर जा. १९४० पासून ती हे काम करते आहे. सुती चिंध्यांचा कागद हातात घेऊन फाडून बघा. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं, कारण यंत्रावर धागे बहुतेक एकाच दिशेने बसतात. हातकागदाचा साचा लगद्यातून उचलून हलवतात, त्यामुळे धागे सगळीकडे पसरतात आणि कागद कसाही फाटला तरी कड सारखीच येते. मी कात्री जवळपास वापरतच नाही. ओल्या ब्रशने रेघ ओढायची, क्षणभर थांबायचं आणि दोन्ही हातांनी हलकेच ओढायचं. कडेला कापसासारखी लव सुटते. ती खळीत बसली की दोन कागदांमधला सांधा दिसतसुद्धा नाही. समुद्राची फेसाळ रेघ मला रंगापेक्षा या लवेतूनच जास्त खरी मिळाली.

खळ मैद्याची, रोज लागेल तेवढीच शिजवलेली. बाइंडर त्यात मोरचूद घालतात. मी घालत नाही. तो विषारी आहे आणि पांढऱ्या कागदावर निळसर झाक आणतो. जाळं, कापड, लाकूड यांना मात्र खळ पुरत नाही, तिथे पांढरा गोंद लागतो.

इतर वस्तूंबद्दल एक कळकळीची सूचना. किनाऱ्यावरची वाळू किंवा जुनं जाळं तसंच चित्रात घालू नका. त्यातलं मीठ हवेतली ओल खेचतं. माझ्या एका चित्रात जाळ्याभोवतीचा कागद पहिल्याच पावसात ओलसर झाला आणि त्यावर काळी बुरशी धरली. आता मी जाळं तीन दिवस गोड्या पाण्यात ठेवते, रोज पाणी बदलते आणि कडक उन्हात वाळवते. जांभ्या दगडाची पूड मात्र निर्धास्त वापरा. मलमलीतून चाळून डिंकाच्या पाण्यात कालवली, की उन्हात न विटणारा तांबडा रंग मिळतो. तो लोहाचा रंग आहे. वर्तमानपत्राचे तुकडे दिसायला छान, पण ते पिवळे पडणारच. ते चालणार असेल तरच घ्या.

विकायची चित्रं मी ऑक्टोबर ते मे याच काळात चिकटवते. फ्रेम करताना काच कागदाला टेकू देत नाही, मध्ये पट्टी घालते. नाहीतर काचेवर धरलेली ओल थेट कागदात उतरते. गिऱ्हाईक पट्टीचे पैसे द्यायला कुरकुरलं, तरी मी ती काढत नाही.

सुरुवात करायची असेल, तर चित्र काढू नका. पाच तऱ्हेचे कागद घ्या, तळहाताएवढे तुकडे फाडा, जाड वहीत चिकटवा आणि शेजारी तारीख, खळ, हवा लिहा. माझी पहिली वही अजून टेबलावर आहे. काथ्या घातलेल्या कागदाशेजारी पेन्सिलीने लिहिलंय: 'पावसात कड सुटली. मार्चमध्ये पुन्हा बघणे.'